ओक्तावच्या नावाने

परदेशी मदत आटली आणि आमच्या मोल्दोवन गावात एचआयव्हीची औषधं यायची थांबली. आजारी पोरांच्या आम्हा आयांच्या बैठकीत उपमंत्री म्हणाले, “असल्या नशेबाजांवर सरकारने का उधळायचं? आधी सुधरा म्हणावं!” पारास्कीवामावशी उठली. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तिने त्यांच्या हातात ठेवलं. कॅमेरे बघून साहेबांनी हसत घेतलं, उघडलं. आत पिळाचा पाव, पेला, मेणबत्ती. हसू मावळलं. आमच्याकडे हे मेलेल्याच्या नावाने देतात. घेतलं की परतवता येत नाही. त्याचं नाव घेऊन ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणावंच लागतं. “घेतलंत ना? म्हणा आता!” मावशी कडाडली. “ओक्ताव. माझा लेक. औषधाची वाट बघता बघता गेला.” साहेब उठू लागले. खुर्च्या करकरल्या. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. प्रत्येकीच्या हातात टॉवेलची गुंडाळी. “बसा साहेब,” मावशी म्हणाली, “अजून बरीच नावं घ्यायचीत.”