कणगीवरचा पंजा

रनाळ्याच्या त्या घरात रीत होती: बियाण्याच्या कणगीचं तोंड शेणाने लिंपून जिने पंजा उमटवला, तिनेच ती पेरणीला उघडायची. यंदा शेणाचं घमेलं घेऊन धाकटी जाऊ आली आणि खाटेवरच्या छबूबाईला कळलं, आपण पेरणीपर्यंत टिकत नाही असं सगळ्यांनी धरलंय. मिशनच्या मडमेने क्षय सांगितल्यापासून पोरांच्या काळजीने तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने हात जोडले. “येशू, पोरे तुन्हाच शेतस,” एवढंच म्हणाली आणि भिंत धरून उठली. “बाजूले व्हय, मन्हा हात अजून शाबूत शे.” खोकत खोकत तिने कणगीचं तोंड लिंपलं, हडकुळा पंजा त्यावर दाबला. “पेरनीले मीच उघाडसू.” नवऱ्याला राहवेना. “आन तू नही ऱ्हायनी तं?” “तं तू उघाड,” ती शेणाचा हात पुसत म्हणाली. “बी देवनं शे. मी फक्त झाकस.”