दोन मालकांची संमती

"भांडण झालं तर भागीदारी मोडायची कशी, हे करारात आधीच लिहावं लागतं," मी समोरच्या दोघी जावांना सांगितलं. सीएला असले अभद्र प्रश्न विचारावेच लागतात.

थोरली हसली. "भांडण आमच्या नवऱ्यांचं झालंय, साहेब. सख्खे भाऊ, पण घराच्या मधोमध भिंत घालून बसलेत. बोलणं बंद. आम्ही मागच्या दारानं ये-जा करतो आणि भाजणी एकत्रच भाजतो."

त्यांच्या चकल्या आता दुकानांत जाऊ लागल्या होत्या आणि दुकानदारांना पक्कं बिल हवं होतं. नफा निम्मा-निम्मा, खातं फर्मच्या नावावर, चेकवर दोघींच्या सह्या, हे सगळं भराभर ठरलं. मग मी धंद्याच्या जागेचं विचारलं.

"घर अजून दोघा भावांच्याच नावावर आहे," धाकटी म्हणाली. "कागदोपत्री वाटणी कुठं झालीय?"

"मग जागा वापरायला दोघांची लेखी संमती लागेल." दोघींचे चेहरे बघून मी घाईनं म्हणालो, "वेगवेगळ्या कागदांवर सह्या घेतल्या तरी चालतं."

"नको, एकच कागद करा," थोरली म्हणाली. "आणि सही इथंच येऊन करावी लागते, असं दोघांनाही फोन करून सांगा."

"अहो, असा काही नियम नाही."

"त्यांना कुठं माहितीये?" ती उठली, पाठोपाठ धाकटीही. जाता जाता थोरलीनं स्वतःची खुर्ची उचलून धाकटीच्या रिकाम्या खुर्चीला अगदी लागून ठेवली. "बसवताना इथंच बसवा."