पाळी आली

"आली! अगं ए, पाळी आली!"

ताई बाथरूमच्या दारातून जी ओरडत सुटली ती थेट धुलाईच्या हॉलमध्ये. बारा मशिनी धडधडत होत्या. बाकी काही कोणाला ऐकू आलं नाही, 'पाळी आली' एवढं मात्र सगळ्यांना बरोब्बर ऐकू आलं. ड्रायरवरच्या दोघींनी पटकन बटणं बंद केली. इस्त्रीवाल्या काकांनी अर्धी दाबलेली चादर तशीच टाकली आणि चपला शोधायला लागले. मिनिटभरात सगळ्या मशिनी गप्प.

"कोण म्हणालं दुसरी पाळी आली?" मुकादमबाई वरच्या ऑफिसातून धडाधडा जिना उतरत आल्या. "अजून तास आहे! घड्याळं बघा की डोळे उघडून!"

"घड्याळ कालपासून बंद आहे, बाई," काका चपलेत पाय घालत म्हणाले.

अख्ख्या हॉलमध्ये खरं काय ते एकटीलाच कळलं होतं. ताईच्या धाकट्या बहिणीला. तिला तिथं सगळे मिरची म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. तिच्या कवेत हॉटेलच्या ओल्या चादरींचा गठ्ठा होता. तो तिनं दाणकन फरशीवर टाकला.

ताईची पाळी थांबून सात महिने झाले होते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताईच्या कानात बडबडणारी माणसं हाकलून लावली, ते झकास झालं. पण मेली जाताना घरातलंच सामान उचलून घेऊन गेली. आधी पाळी गेली. मग एक दिवस ताईच्या कुर्त्यावर पुढून दोन ओले डाग. दूध! लग्न नाही, मूल नाही, आणि दूध. ड्रायरवरची एकजण "कोणाचं गं?" म्हणाली, तेव्हा मिरचीनं ओला टॉवेल तिच्या तोंडावर असा मारला की तिची टिकली टॉवेलला चिकटून आली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं होतं, पोटात बाळबीळ काही नाही. गोळीनं दूध आणणारं हार्मोन वाढलंय. असंच वर्षानुवर्षं राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. आपण हळूहळू गोळी बदलू, पण मनानं बंद करायची नाही. नवी गोळी सुरू होऊन आज दोन महिने झाले. आणि आज सकाळी येताना ताई रस्त्यात थांबून म्हणाली होती, "आजचा दिवस बघते. उद्यापासून गोळी बंद. वेडी तर वेडी, पण बाई तरी राहीन."

मिरचीनं तिचं मनगट धरून तिला तशीच कामावर ओढत आणली होती. मागे ताईनं मनानंच गोळी सोडली होती, तेव्हा कानातल्या माणसांनी तिला हात गरम प्रेसखाली ठेवायला सांगितला होता. ती ठेवतही होती. काकांनी झाकण धरलं म्हणून हात वाचला.

"खरंच, ताई?"

"अगं खरंच! कसली कळ येतेय पोटात, आई गं!" ताई कंबरेत वाकून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अरे पण कोणाची पाळी? मला कोणी सांगेल का?" मुकादमबाई गरजल्या.

"माझी!" ताई ओरडली.

मशिनी बंद होत्या. ते 'माझी' पार छपराला जाऊन आदळलं. काकांनी घाईघाईनं चपला काढल्या आणि चादरीत डोकं खुपसलं. आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच सुटल्या.

"आपण दर महिन्याला कपाळावर हात मारून घेतो, आणि हिला बघा, लॉटरी लागलीय!"

"पार्टी दे गं, पार्टी!" ही ड्रायरवरचीच. मिरचीनं तिच्याकडे बघितलं. आज टॉवेल मारावासा वाटला नाही.

"ताई, आणि आजची गोळी?" तिनं हळूच विचारलं.

"घेते की! आता न घ्यायला काय झालं? फक्त आठवण करून दे, आनंदाच्या भरात विसरायची."

"झालं हसून? चालू करा मशिनी!" मुकादमबाईंनी टाळ्या वाजवल्या. एकेक मशीन घरघरायला लागली. तेवढ्यात त्यांनी मिरचीचं कोपर धरलं आणि तिला टॉवेलांच्या थप्पीमागे ओढलं. मिरचीला वाटलं, आता फरशीवरच्या चादरींवरून बोलणी बसणार. ती भांडायच्या तयारीतच उभी राहिली.

"काय गं," मुकादमबाई तिच्या कानाशी वाकल्या, "पुरुषांना होतं का असं?"

"कसं?"

मुकादमबाईंचा हात स्वतःच्या छातीपाशी गेला आणि झटकन खाली आला.

"माझा मुलगा. पंचवीसचा आहे. त्यालाही असल्याच गोळ्या आहेत. चार महिने झाले, घरातसुद्धा शर्ट काढत नाही. काल म्हणाला, आता बास, फेकूनच देतो. मी म्हटलं, नाटकं करू नकोस."

"होतं!" मिरची म्हणाली. मशिनींच्या आवाजात ते विरून गेलं, म्हणून ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "होतं, बाई! पुरुषांनाही होतं! डॉक्टरीणबाईच म्हणाल्या! त्यावर इलाज आहे! फेकू नको म्हणावं, आधी डॉक्टरांना जाऊन सांग म्हणावं!"

नऊ वर्षांत मुकादमबाईंनी हॉलमध्ये कोणाला फोनला हात लावू दिला नव्हता. त्यांनी एप्रनच्या खिशातून स्वतःचा फोन काढला. मागच्या दाराकडे पळता पळताच नंबर लावला, आणि पायरीवर उभ्या राहिल्या, एका कानात बोट घालून.

"उचल," त्या म्हणत होत्या, "उचल रे राजा, उचल, उचल."