सहा घरांचा धूर

मथुराकाकीने चौथ्या घराची चूल फुंकली. नारळाची सोडणं ओली होती, धुराने डोळे चुरचुरले. हवं होतं ते तेच. धूर खाडीपलीकडच्या धक्क्यावरून दिसला पाहिजे.

खाडीतल्या त्या एवढ्याशा बेटावर राहणारी आता ती एकटी. बाकीची घरं कुलपं लावून मुंबईला गेली, किल्ल्या हिच्या कमरेला अडकवून. भाताच्या मळ्यांत खारं पाणी शिरलं. ते काढायलाही माणूस नाही. गेल्या शिमग्याला देवीची पालखी घेऊन आलेला मानकरी बाळा म्हणाला होता, "काकी, एका घरासाठी देवीला होडीत घालायची म्हणजे... पुढल्या वर्षी तूच ये पलीकडे."

"माझ्या आजेसासूपासनं देवी दारात येते. मी नाय जायची," काकीने त्याला तिथल्या तिथे उडवून लावलं होतं.

म्हणून आज उजाडल्यापासून ती कुलपं काढत होती. सहा अंगणं सारवली, सहा चुली पेटवल्या. आपलं घर काय, मागाहून.

पण ढोल लवकरच वाजला. पालखी बेटावर उतरली.

पहिल्या दारात ओटी भरायला काकी. दुसऱ्या दारातही काकीच. तिसऱ्या दारात ती धापा टाकत उभी राहिली, तेव्हा बाळाला उमगलं.

"धूर बघून म्हटलं, चाकरमानी आले. देवीला फसवलंस गो काकी?"

"देवीला नाय, तुला. ती काय धूर बघून येते?"

बाळाने पुढची घरं घाईने उरकली. ओहोटी लागली होती. पाणी उतरलं की होडी चिखलात बसते, मग पहाटेच्या भरतीपर्यंत बेट सोडता येत नाही.

शेवटी काकीचं घर आलं. चूल थंड. अंगण धुळीचं. न सारवलेल्या अंगणात पालखी टेकवत नाहीत. 

"जावा तुमी," ती कशीबशी म्हणाली. "होडी रुतंल."

बाळाने खाडीकडे बघितलं. पाणी किनारा सोडून पार मागे गेलं होतं. त्याने खांद्यावरचा दांडा नीट केला आणि बाकीच्या भोयांना बजावलं, "खाली टेकवायची नाय रे."

काकी शेणाची पाटी घेऊन खाली बसली. हात भराभर फिरू लागला.

"सावकाश सारव, काकी," बाळा म्हणाला.