न दाखवलेला भाग

पद्माकरनं पुन्हा रिमोट उचलला, तशी अलका म्हणाली, "ठेवा तो खाली. आता आपली मालिका लागेल."

आपली कसली, तिची! यॉर्कशरमधल्या एका पबवाल्या कुटुंबाची, तीसेक वर्षांपूर्वीची. उन्हाळा आला की इथले टीव्हीवाले नवं सगळं गुंडाळून सुट्टीवर जातात आणि लोकांपुढं शिळ्या कढीला ऊत आणतात. एका चॅनेलवर टेनिस, दुसऱ्यावर क्रिकेट, उरल्या जागी रिपीट. बाहेर संध्याकाळ उलटली तरी लख्ख उजेड. अशा वेळी धडधाकट माणसानं सोफ्यावर बसून राहायचं, म्हणजे शिक्षाच की.

पद्माकर एप्रिलमध्ये रिटायर झाला होता. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यानं जन्मभर पेशंटना भूल दिली. दुसऱ्यांना झोपवायचं आणि आपण जागायचं, हा धंदा. आता घरात त्याला चैन पडेना. गवत कापून झालं, गॅरेज आवरून झालं, कापलेलं गवत पुन्हा कापून झालं. तेवढ्यात लंडनजवळच्या स्लाऊहून विचारणा आली, तिथल्या हॉस्पिटलात वर्षभर लोकम म्हणजे बदली डॉक्टर म्हणून याल का, राहायची सोय आहे. त्याचा जीव भांड्यात पडला. अलका येणार नव्हती, तिनं ते लगेच सांगून टाकलं. पण त्याला काही ती नको म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "ही मालिका माझ्याबरोबर शेवटपर्यंत बघा. मग खुशाल जा."

आता ह्याला काय म्हणायचं? तिनं ती आधीच बघितलेली. त्यालाही ती तिच्या तोंडून ऐकून पाठ असायला हवी होती. मुलगी मीनल लहान असताना तो नाइट करून सकाळी घरी यायचा. अलका गरम पोळ्या वाढायची आणि वाढता वाढता गोष्ट सांगायची. "ती बाई आहे ना," अशी तिची सुरुवात. घरात तिच्याशी मराठी बोलायला दुसरं होतं कोण? तो घास चावत हं हं करायचा, कधी बसल्या जागी झोपायचा. तरी काही भाग त्याच्या डोक्यात राहिले होते. बर्फ साचून दार उघडेना म्हणून दिवसभर खिडकीत बसलेली बाई. ड्रायव्हिंग टेस्ट नापास झाल्यावर गाडीतच रडलेली बाई. आणि ती, जी एका दुपारी बॅग भरून कोच स्टेशनवर जाऊन बसली. लंडनची गाडी समोर लागलेली, तिकीट हातात, आणि नेमकी तिथंच पद्माकरला डुलकी लागली होती. पुढचं राहूनच गेलं.

तो भाग बघायचाच, ह्या एका आशेवर त्यानं उन्हाळा काढला. बसला म्हणजे काय, नुसता चुळबुळत बसला. पाय हलव, घड्याळ बघ, उठून चहा टाक. पबवाल्याचं भावाशी भांडण झालं. थोरलीचं लग्न मोडलं. कुत्रा हरवला, सापडला. अख्ख्या मालिकेत डॉक्टर एकच, तोही घोड्यांचा. बॅगवाली काही येईना. "येईल पुढच्या भागात," असं तो दर आठवड्याला म्हणायचा. अलका मटार सोलत असायची.

ऑगस्ट संपता संपता शेवटचा भाग लागला. पब विकला गेला, सगळ्यांनी गळ्यात गळे घातले, नावं वर सरकायला लागली. पद्माकर वैतागला.

"ह्यांनी भाग गाळलेत," तो म्हणाला. "ती बॅगवाली कुठंय?"

"ती ह्यात नव्हतीच," अलका म्हणाली.

"मग दुसऱ्या कुठल्या मालिकेत होती का?"

अलकानं मटारांचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्याकडं बघितलं. मग मात्र पद्माकरला खिडकीत बसलेली बाई आठवली. तीही आली नव्हती. गाडीत रडलेलीही आली नव्हती. एकही आली नव्हती. त्या सगळ्यांचे नवरे रात्रपाळीला असायचे, हेही त्याला आत्ता आठवलं.

फोन वाजायला लागला. स्लाऊचाच असणार, आज उत्तर द्यायचं कबूल केलं होतं त्यानं. तो उठला नाही. फोन वाजून वाजून थांबला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला बायकोला काही विचारायची भीती वाटत होती.

"मग," तो हळूच म्हणाला, "ती त्या गाडीत बसली का नाही?"

"कशी बसणार?" अलका म्हणाली. "मीनलची शाळा सुटायची वेळ झाली होती."