काळूरामने ऐकलेलं परीक्षण

“सगळं वाच. मधलं गाळू नको,” काळूरामने बजावलं आणि ओटीवर भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

त्याच्या लेकीने, कविताने मोबाइलवरचं परीक्षण वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. दोन वर्षं मुंबईत राहून ज्या सिनेमासाठी तिने राक्षस, पऱ्या नि उडते मासे काढले होते, तो शुक्रवारी लागला होता. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी लहानपणी वाचलेल्या एका परीकथेवरचा हा थाटामाटाचा सिनेमा. आणि आज रविवारी पेपरवाल्यांनी त्याची पार सालटी काढली होती.

एरवी तिने मोबाइल बंद करून उशीखाली टाकला असता. पण या परीक्षणांवर रावण अडून बसला होता.

वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यात यंदा पाच वर्षांनी बोहाडा व्हायचा होता. बोहाड्यात देवांची नि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून वाजतगाजत नाचत येतात, आणि एकेक सोंग एकेका घराकडे असतं. काळूरामच्या घराकडे रावण. जुना मुखवटा वाळवीने खाल्ला. कागदाच्या लगद्याचा नवा त्याने कसाबसा घडवला, पण रंगवायला घेतला तर हात थरथरायला लागला. मी रंगवते, असं कविता दिवाळीपासून म्हणत होती. वाशिंदच्या कारखान्यात कामाला असलेला काळूरामचा पुतण्या दिनेश मात्र शहरातून फायबरचा तयार रावण आणायला निघाला होता. चकचकीत, वर पाण्याने धुता येणारा. अर्ध्या पाड्याला ते पटलंही होतं.

काळूरामने दोघांनाही हो म्हटलं नव्हतं. त्याचं एक तंत्र होतं. मुखवटा रंगवणाऱ्याने लोकांत बसायचं नाही. त्याने पडद्यामागे बसायचं आणि सोंग बाहेर पडलं की माणसं काय बोलतात ते कान देऊन ऐकायचं. घरच्यांचं कौतुक तो हिशेबातच धरत नसे. म्हणून त्याने लेकीचा सिनेमाही पाहिला नव्हता. कल्याणला नेते म्हणाली, तर नको म्हणाला. बाहेरचे काय म्हणतात ते ऐकव, मग रावणाचं बघू, एवढंच त्याचं म्हणणं.

तर बाहेरचे हे असं म्हणत होते.

पहिल्या परीक्षणाचा मथळा होता, ‘डोळ्यांना मेजवानी, मनाला उपास’. कविताने तो वाचला. दुसऱ्याने लिहिलं होतं की दिग्दर्शकाने रंगाचा डबा पडद्यावर उपडा केला आणि त्यालाच सिनेमा म्हटलं. तेही तिने वाचलं. सुपात तांदूळ निवडत बसलेली तिची आई देवकी डोळ्यांनी खुणावत होती, की बाई, चांगलं असेल तेवढंच वाच. काळूरामला काही वाचता येत नव्हतं. चार ओळी गाळल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? कविताला मोह झाला, चांगलाच झाला. पण बापाचे ते मिटलेले डोळे बघून तिचं मन धजेना. तिने सगळ्यात कडू परीक्षण उघडलं.

“‘याला सिनेमा का म्हणायचं?’” ती वाचू लागली. “‘एक राक्षस येतो, नाचतो, जातो. मग दुसरा येतो, नाचतो, जातो. गोष्ट सगळ्यांना पाठच आहे, म्हणून ती सांगायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. आणि दुर्दैव असं, की लोक पोरं मांडीवर घेऊन तीन तास हे नुसतं बघत बसतात. संपलं तरी उठत नाहीत.’”

संपलं सगळं, तिला वाटलं. दिनेशला आपणच फोन करावा आणि आण तुझा रावण म्हणावं, म्हणजे बाबांना तोंडाने नाही म्हणायची वेळ येणार नाही.

काळूरामने डोळे उघडले.

“परत वाच.”

तिने परत वाचलं. या वेळी त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. हा कुठला माणूस, त्याने विचारलं. पुण्याचे मोठे समीक्षक आहेत, कविता म्हणाली. ते कधी बोहाड्याला आले होते का? छे, त्यांनी नावही ऐकलं नसेल. काळूरामने मान डोलावली. मग त्याने विचारलं, लोक खरंच उठले नाहीत का. नाही उठले, ते तिने स्वतः पाहिलं होतं. झाडूवाली बाई झाडू घेऊन दारात ताटकळत उभी होती.

काळूरामचा चेहरा फुलला. हे काय भलतंच, म्हणून कविता घाबरली. बापाची फसगत झाली तर ते पाप आपल्या माथी.

“बाबा, त्यांनी नावं ठेवलीत,” ती म्हणाली. “ही स्तुती नाय.”

“कळलं ना गो. त्याला आवडला नाय,” काळूराम म्हणाला. “पन त्यानं बगितलं बरोबर. असाच असतोय बोहाडा.”

तो गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि आत गेला. देवकीचं तांदूळ निवडणं थांबलं होतं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत तो पांढरा, कोरा मुखवटा होता. त्याने तो कविताच्या मांडीवर ठेवला. तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

“डोळे मोठे काढ,” काळूराम म्हणाला. “पार मागं बसलेल्या पोरांना दिसाय पायजेत.”