एक बोट डावीकडं

"लबाड हाय ह्यो डबा! सरळ मारलं तरी डावीकडं जातंय!"

मच्छिंद्रच्या खेळाच्या डब्याचा काळा पडदा बाजूला सारत शांतलिंग ओरडत बाहेर आला आणि बेंबळीची निम्मी जत्रा तिथं गोळा झाली. त्याला तेच हवं होतं. देवळासमोरची मोक्याची जागा त्याची. फुगे फोडायच्या बंदुका त्याच्या. रोज दुकान उघडताना तो स्वतः ओळीनं फुगे फोडून दाखवायचा, मग लोकांना बंदुकांबद्दल शंका उरायची नाही. ज्याचा नेम चुकायचा तो आपल्याच डोळ्यांना बोल लावत घरी जायचा. यंदा मात्र दुष्काळ. जत्रेला आलेली थोडीफार माणसं त्याच्या बंदुकांकडं ढुंकूनही बघत नव्हती. रोजगार हमीच्या कामावरून आलेला गडीही सरळ मच्छिंद्रच्या डब्यापुढं जाऊन उभा राहायचा.

हा मच्छिंद्र गावातला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. विहिरी आटल्या, मोटारी बंद पडल्या आणि त्याच्या हाताला काम उरलं नाही. मग या पठ्ठ्यानं एका जुन्या कपाटात आकाश बसवलं. पत्र्याला भोकं पाडून, मागं दिवे लावून चांदण्या केल्या. तारेवरून सरकणारी पत्र्याची यानं केली. जीपचं स्टेअरिंग जोडलं. नळीतून नेम धरायचा, बटण दाबलं की उजेडाचा ठिपका सुटायचा. ठिपका यानावर बसला की यान धाडकन खाली. वर रंगवलेली पाटी, 'आकाशयुद्ध'.

"बसायला लोखंडी स्टूल, त्ये तापतंय," शांतलिंग लोकांना सांगू लागला. "आवाज पिठाच्या गिरणीचा. यानं रोज त्याच क्रमानं येत्यात, दोनदा खेळलं की पाठ. बॅटरी उतरली की लढाई अर्ध्यात बंद. आणि वर ही लबाडी!"

पहिल्या चारही गोष्टी खऱ्या होत्या. मच्छिंद्र खाली मान घालून ऐकत होता. पाचवीही शांतलिंगला अगदी मनापासून खरी वाटत होती. एक गोष्ट मात्र त्यानं गिळून टाकली. पडदा पडून चांदण्या लागल्यावर त्यानं स्टेअरिंग वळवलं, तेव्हा आपण जमिनीवर नाही असं त्याला खरोखर वाटलं होतं. सगळ्यात जास्त राग त्याचाच होता.

सोसायटीचे चेअरमन ज्ञानोबाआप्पा जत्रेचे पंच होते. भला माणूस, पण नेमाच्या नावानं बोंब. दर जत्रेला हौसेनं शांतलिंगची बंदूक उचलायचे आणि एकही फुगा न फोडता परतायचे. ते पुढं आले. या जत्रेचा रिवाज सगळ्यांना माहीत होता. ज्यानं खोट काढली, त्यानंच ती चारचौघांत आपल्या हातानं दाखवायची. खोट निघाली तर खेळवाल्यानं त्याच दिवशी पाल उचलायचं, आणि पुन्हा या जत्रेत पाय ठेवायचा नाही.

"पडदा वर करा," आप्पा म्हणाले. "बस, शांतलिंग. दाव."

शांतलिंग ऐटीत बसला. यान सरकत आलं. त्यानं बटण दाबलं. पांढरा ठिपका यानाच्या डावीकडं, बरोबर एक बोट अंतरावर पडला. दुसरं यान आलं. पुन्हा एक बोट डावीकडं. तिसरं, तेही तसंच. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मच्छिंद्रचा चेहरा पडला. शांतलिंगला आतून उकळ्या फुटत होत्या. आता उद्या ही माणसं पुन्हा त्याच्या बंदुकांपुढं रांगा लावणार होती.

"आवर रं, मच्छिंद्र," कुणीतरी म्हणालं.

"थांबा की जरा. म्या बी बघतो," म्हणत आप्पा स्टुलावर बसले.

"तुमचा नेम आणि लागतोय व्हय?" गर्दीतून त्यांची बायको मुक्ताबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

आप्पांनी बटण दाबलं. यान धाडकन पडलं. हसणं थांबलं. आप्पांनी पुन्हा दाबलं. दुसरंही पडलं. आप्पा स्वतःच्याच हाताकडं बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा नेम लागला होता.

"ह्याला आधी शिकवून ठेवलंय!" शांतलिंग ओरडला. पंचाला आपण अरेतुरे केलं हेही त्याला कळलं नाही.

मच्छिंद्रनं मान वर केली. "शांतलिंगअण्णा, डबा सरळ हाय. एक बोट डावीकडं धरायची सवय तुमच्या हाताला कुठं लागली?"

आता कुठं शांतलिंगला उमगलं. रोज फुगे फोडून हाताला इतकं वळण पडलं होतं, की आपण नेम धरताना काय करतो हे तो स्वतःच विसरून गेला होता. त्यानं उजवा हात हळूच पाठीमागं नेला.

आप्पा उठले, सरळ शांतलिंगच्या दुकानात गेले आणि पुढची बंदूक उचलली. गर्दी त्यांच्या मागोमाग गेली.

"आप्पा, ती राहू द्या. तिला तेल द्यायचं हाय," शांतलिंग म्हणाला.

आप्पांनी बंदूक खांद्याला लावली. मधल्या लाल फुग्यावर नेम धरला. मग जरा थांबले आणि नळी एक बोट डावीकडं सरकवली.

फुगा फुटला.